सोमवारी मासे कोण खातं? एका पिचच्या दुरुस्तीचं प्रकरण

मुंबईतल्या एका कोळीवाड्यातली दोन भावंडं. थोरली बहीण खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते. धाकटा भाऊ हॉटेल मॅनेजमेंट करून एका हॉटेलच्या किचनमध्ये नोकरीला लागलेला. आई वर्षानुवर्षं मंडईत मासळी विकते. भावंडांची कल्पना अशी की मासे घरपोच देणारं ॲप काढायचं. दादरला मराठी उद्योजकांच्या एका गटापुढे त्यांनी ती मांडली. परीक्षकांनी तिचा पार कीस काढला. काही महिन्यांनी ती दोघं त्याच गटापुढे पुन्हा उभी राहिली, तेव्हा ॲप नव्हतं, ९० मिनिटांचं वचन नव्हतं आणि २५ लाखांची मागणीही नव्हती. मधल्या काळात पिच, म्हणजे परीक्षकांपुढची ही मांडणी, नीट करण्याच्या कामात मी त्यांच्यासोबत होतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आकडे गोल केलेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

पहिलं पिच

अकरा स्लाइड्स होत्या. सुरुवात "मुंबई हे मासे खाणाऱ्यांचं शहर आहे" अशी. मग बाजारपेठ किती हजार कोटींची, आणि लगेच "आम्ही ताजे, स्वच्छ, परवडणारे मासे थेट बोटीवरून ९० मिनिटांत घरी पोचवतो." पुढे ॲपच्या पडद्यांची चित्रं, एक गोड लोगो आणि मागणी: १० टक्के हिश्शाच्या बदल्यात २५ लाख. त्यातले १२ लाख ॲपला, ८ लाख जाहिरातीला, उरलेले जागा, फ्रीज आणि पगाराला. एकही ऑर्डर घेतलेली नसताना धंद्याची किंमत अडीच कोटी लावली होती, हे भावाच्या ध्यानातही आलं नव्हतं. कुठलातरी नमुना बघून त्याने आकडा भरला होता. असं सर्रास होतं.

खरी गंमत हिशेबाच्या पानावर होती. रोज ४० ऑर्डर, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे १,२०० ऑर्डर. सरासरी बिल ७०० रुपये. २५ टक्के मार्जिन धरलं की एका ऑर्डरमागे १७५. त्यातून डिलिव्हरीचे ६०, बर्फ-पिशवीचे २०, साफ करणाऱ्या बाईचे २५ वजा. उरले ७०. बाराशे गुणिले सत्तर, ८४,०००. जागेचं भाडं, वीज आणि दोन माणसं मिळून ७०,०००. महिन्याला १४,००० शिल्लक. कागद बोलका होता आणि बेरीज-गुणाकारात चूक नव्हती.

मिळालेले शेरे

प्रश्नोत्तरांत बहिणीने फोनवर भराभर टिपून घेतलं. ती यादी मी पाहिली आहे. (त्यातल्या लिशस आणि फ्रेश टू होम म्हणजे मासे-मटण घरपोच देणाऱ्या मोठ्या कंपन्या.) "लिशस, फ्रेश टू होम आहेतच, मग तुम्ही कशाला?" "डिलिव्हरीचे पैसे गिऱ्हाईक देणार की तुम्ही?" "जून-जुलैचं काय?" "पुण्यात कधी जाणार?" "आधी एक वॉर्ड धरा, पुणं-बिणं सोडा." "फ्रँचायझी द्या." "एआय वापरून मागणीचा अंदाज बांधा." "आईंचा फोटो पॅकिंगवर टाका, लोकांना भावतं." "लोगो मस्त."

आणि एक प्रश्न, गेली अनेक वर्षं खानावळ चालवणाऱ्या एका बाईंचा: "तीस दिवस कसे धरलेत तुम्ही? सोमवारी मासे कोण खातं?"

सभागृहात हशा पिकला. भाऊही हसला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. बहिणीने मात्र ते वाक्य टिपून त्याखाली रेघ ओढली होती.

एकोणीस स्लाइड्सचा टप्पा

मला पहिल्यांदा जे दाखवलं गेलं ते दुरुस्त केलेलं पिच होतं. अकराच्या एकोणीस स्लाइड्स झाल्या होत्या. मोठ्या कंपन्यांशी तुलना करणारा तक्ता, त्यात स्वतःच्या रकान्यात सगळीकडे हिरव्या खुणा. जून-जुलैसाठी "फ्रोझन रेंज". पुण्याचा नकाशा, शिवाय "टप्पा एक: एक वॉर्ड" अशीही एक स्लाइड, म्हणजे दोन्ही परीक्षक खूश. फ्रँचायझीचं मॉडेल. एआयची स्लाइड, ज्यात मेंदूचं चित्र होतं. सोमवारच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. भावाच्या मते तो विनोद होता.

शेरे मिळाल्यावर बहुतेक लोक हेच करतात, म्हणून इथे थोडं थांबतो. मराठी घरांत शाळेपासून लागलेली सवय आहे ही: तपासलेल्या पेपरात लाल शाई दिसली की तेवढं सुधारून वही परत द्यायची. पण परीक्षक मास्तर नसतात. सात मिनिटं ऐकून त्यांना जे सुचलं ते ते बोलतात. काही बोलणं त्यांच्या स्वतःच्या धंद्यातून आलेलं असतं, काही कालच वाचलेलं असतं, काही नुसतं गप्प बसवत नाही म्हणून. सगळ्यांना एकच मान दिला की पिचमध्ये सगळ्यांची मतं राहतात आणि मांडणाऱ्याचं मत हरवतं.

मी त्यांना एकच काम दिलं. प्रत्येक शेरा हिशेबाच्या पानावर नेऊन ठेवायचा. कुठला आकडा त्याने बदलतो? बदलत नसेल तर तूर्त बाजूला. लोगो, फोटो, एआय, फ्रँचायझी, पुणं असे एका फटक्यात बाजूला गेले. मोठ्या कंपन्यांचा प्रश्न कुठल्याच आकड्याला नीट चिकटेना, पण सोडून द्यावासाही वाटेना. उरलेले तीन, डिलिव्हरी, जून-जुलै आणि सोमवार, हे सगळे एकाच चौकटीवर येऊन आदळले: "महिन्याच्या ऑर्डर १,२००".

पंचांग आणि समुद्र

त्या चौकटीचं काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

ज्या घरांना हे मासे विकायचे होते, म्हणजे दादर, माहीम, माटुंगा पश्चिम, प्रभादेवी पट्ट्यातली मराठी घरं, तिथे सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी काही घरांत गणपती, काहींत देवी. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यात मध्येच संकष्टी किंवा एकादशी आली तर तो वारही गेला. मार्गशीर्षात गुरुवार जास्तच कडक. सगळी घरं सगळे वार पाळत नाहीत हे खरं, आणि कोळ्यांच्या किंवा ख्रिस्ती घरांचं गणित वेगळं, पण धंदा चालतो तो बहुतेकांच्या सवयीवर.

बहिणीने नवा हिशेब मांडला. खाण्याचे वार महिन्यात साधारण १३, त्या दिवशी ४० ऑर्डर, म्हणजे ५२०. उरलेले १७ दिवस रोज १०, म्हणजे १७०. एकूण ६९०. गुणिले ७०, झाले ४८,३००. खर्च तोच ७०,०००. चौदा हजारांच्या नफ्याचा २१,७०० रुपयांचा तोटा झाला, आणि अजून पावसाळा धरलेलाच नव्हता.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणांनी. गटारी, म्हणजे खवय्यांचा हक्काचा दिवस, बऱ्याचदा याच बंदीत येते. बोटी सुटतात तोवर श्रावण लागलेला असतो किंवा उंबरठ्यावर असतो. मग गणपती, पुढे नवरात्र. कोळीवाड्यात जन्मलेल्या मुलांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. नारळी पौर्णिमेला ती दरवर्षी होडीच्या पूजेला असतात. पण एक्सेल उघडलं की महिना तीस दिवसांचा होतो.

मला विचाराल तर त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा शेरा हाच होता, आणि तो हशात गेला होता.

आईच्या पाटीशेजारी

इथपर्यंत फक्त चूक सापडली होती. धंदा सापडला तो मंडईत. बहीण सलग काही रविवार आईच्या शेजारी बसली आणि कोण येतं, काय मागतं, किती देतं हे लिहीत राहिली. भाऊ "कस्टमर सर्व्हे"साठी गूगल फॉर्म पाठवत होता. त्यातून "लोकांना ताजे मासे आवडतात" एवढंच कळलं.

तिच्या वहीतून निघालं ते वेगळं. रविवारचा गल्ला बाकीच्या सबंध आठवड्याच्या जवळपास. गिऱ्हाइकांत साठीच्या पुढच्या बायका पुष्कळ. त्यांना मासळीतलं सगळं कळतं. कल्ले उचलून लाली बघतात, पोटाला बोट लावून बघतात, आणि "मावशी, परवाची दिसतेय" असं तोंडावर सांगतात. पण गुडघे मंडईच्या पायऱ्या चढू देत नाहीत. काहींची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि त्या भाड्याच्या घरात दूर राहायला गेल्यात, तिथून फोन करतात, "रविवारी सुनेला पाठवते, चांगली कर्ली ठेव, आणि तूच काप." कर्लीला काटे फार. ती तिरकी, बारीक कापावी लागते, आणि ते प्रत्येकाला जमत नाही. कुणाला बोंबील मधोमध चिरून दाबायला हवेत, कुणाला तसेच कालवणासाठी. सारस्वत घरातल्या एका आजींना सुरमईची तुकडी पातळच लागते. जाड दिली की पुढच्या रविवारी ऐकवतात.

मोठ्या कंपन्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. "ताजे, स्वच्छ, परवडणारे" हे सगळेच म्हणतात. घराघराची कापण्याची रीत लक्षात ठेवणारी मावशी मात्र गोदामात नसते. आणि या बायका ॲप उघडणार नाहीत. त्या फोन करतील, फार तर व्हॉट्सॲपवर बोलून निरोप टाकतील. १२ लाखांचं ॲप तिथल्या तिथे रद्द झालं.

"थेट बोटीवरून" हेही बहिणीनेच खोडलं. वर्सोवा-मढकडे किनाऱ्याजवळ लावलेल्या डोल जाळ्यातल्या बोंबलाबद्दल एक वेळ तसं म्हणता येईल, पण लांब पल्ल्याच्या बोटी आठवडा-दहा दिवस समुद्रात असतात आणि मासळी तेवढे दिवस बर्फात असते. बोट आज लागली म्हणजे मासा आज धरला असं नव्हे. तिच्या गिऱ्हाइकांना हे माहीत आहे. त्यांच्यापुढे तसला दावा केला असता तर उरलंसुरलं सगळं खोटं वाटलं असतं.

भाव कधी ठरतो

मग तीन सोसायट्यांत चाचणी. शनिवारी रात्री नऊपर्यंत ऑर्डर, रविवारी सकाळी एकाच खेपेत सोसायटीच्या गेटवर. एका फेरीत वीसेक घरं होत असल्याने डिलिव्हरीचा खर्च ऑर्डरमागे ६० वरून १५ वर आला. जे विकलंय तेवढंच विकत घ्यायचं, म्हणून उरण्याची भीती नाही. कागदावर झकास.

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. ऑर्डर शनिवारच्या दराने किलोवर घेतल्या होत्या आणि ससून डॉकला पहाटेच्या लिलावात सुरमई चढली. कबूल केलेल्या दराने द्यावी लागली. मासळीचा भाव आदल्या रात्री कुणालाच माहीत नसतो. ९० मिनिटांत पोचवण्याच्या पिचमध्ये हा प्रश्न आला नव्हता, तो रात्रीच्या ऑर्डरमुळे आला. एका दुरुस्तीने दुसरं भोक पडतं ते असं, आणि म्हणून दुरुस्त केलेलं पिच थोडंतरी चालवून बघितल्याशिवाय पुन्हा मांडू नये, असं माझं मत आहे.

भाऊ म्हणाला, दहा टक्के जास्त लावून ठेवू. आई म्हणाली, "किलो कशाला विकता रे? वाटा विका."

मंडईत छोटी मासळी वाट्यावरच जाते आणि जुनं गिऱ्हाईक कित्येकदा पैशावरच बोलतं, "पाचशेचं दे काहीतरी चांगलं." तेच उचललं. ५००, ८०० आणि १,२०० रुपयांचे तीन वाटे. काय खायचं नाही तेवढं गिऱ्हाइकाने सांगायचं. त्या दिवशी जे चांगलं आणि रास्त मिळेल त्यातून मावशी वाटा लावणार. सुरमई चढली तर वाट्यात बांगडा आणि मांदेली वाढतील. दराची जोखीम विकणारा आणि घेणारा अशा दोघांत वाटली गेली आणि गिऱ्हाइकाला ती रीत नवी वाटली नाही.

बाकीचं भराभर सांगतो. बुधवार चालला नाही, कारण घरी घ्यायला माणूस नसतो. शुक्रवारी संध्याकाळची वेळ बऱ्यापैकी लागली. एका सोसायटीत पिशवीतलं बर्फाचं पाणी लिफ्टमध्ये ठिबकलं, वासावरून कमिटीकडे तक्रार गेली आणि सेक्रेटरींनी डिलिव्हरीच बंद केली. सुट्या बर्फाऐवजी जेल पॅक आणि झाकणाचा डबा आल्यावर परवानगी परत मिळाली, पण डबा परत गोळा करण्याचं काम वाढलं आणि पॅकिंगचा खर्च २० चा ३० झाला. लिफ्ट हा धंद्यातला धोका आहे हे कुठल्याच परीक्षकाने सांगितलं नव्हतं.

दुसरं पिच

सहा स्लाइड्स, आणि बोलली बहीण. पहिलं वाक्य: "आमच्या आईची काही गिऱ्हाइकं मंडईत येऊ शकत नाहीत आणि मासे दुसऱ्या कुणाकडून घ्यायला तयार नाहीत. त्यांच्या सोसायटीच्या गेटवर आम्ही शुक्रवारी आणि रविवारी जातो."

दुसऱ्या स्लाइडवर वर्षाचं कॅलेंडर, कुठले वार बंद, कुठले महिने बंद, सगळं रंगवलेलं. फ्रोझन रेंज नव्हती. त्याऐवजी मे महिन्यात आगोटीची खरेदी: सुके बोंबील, जवळा, सोडे यांच्या आगाऊ ऑर्डर. पावसाळ्याची बेगमी घराघरांत पूर्वीपासून होतेच. जून-जुलैमध्ये ताजी मासळी विकणार नाही, असं तिने सरळ सांगितलं.

मग हिशेब. चाचणीत रविवारी सरासरी ३८ ऑर्डर, शुक्रवारी १४, आठवड्याला ५२, महिन्याला २०८. सरासरी बिल ८००, मार्जिन २०० रुपये. त्यातून डिलिव्हरी १५, पॅकिंग ३०, साफसफाई ३०. हाती १२५. महिन्याचे २६,०००. भाड्याची गाडी, बर्फ, फोन वगैरे २२,०००. शिल्लक ४,०००. आठवड्याला ४४ ऑर्डर झाल्या की खर्च भरून निघतो. गाडी एकच ठेवून आठ सोसायट्यांपर्यंत जाता येईल. ऑर्डर याच प्रमाणात मिळाल्या तर महिन्याला साडेपाचशेच्या आसपास होतात. भावंडांचा पगार यात धरलेला नाही, आणि तेही स्लाइडवर लिहिलेलं होतं. भाऊ नोकरी सोडणार नव्हता.

चार हजार हा आकडा दाखवायचा की नाही यावर आमचा वाद झाला होता. भावाचं म्हणणं, हसतील. कुणी हसलं नाही. उलट पहिल्यांदाच प्रश्न धंद्यावर आले.

मागणीही बदलली. हिस्सा विकायचा नव्हता. लागणार होते साडेतीन लाख, मुख्यतः शीतपेटीच्या गाडीला. त्यासाठी मुद्रा योजनेचा किशोर गट, म्हणजे ५०,००० ते ५ लाखांचं विनातारण कर्ज, आणि २०२० साली सुरू झालेल्या मत्स्य संपदा योजनेची चौकशी, जिच्यात सर्वसाधारण अर्जदाराला ४० टक्के तर महिलांना ६० टक्के अनुदान ठेवलेलं. म्हणून अर्ज बहिणीच्या नावे. गटाकडून मागितलं ते एवढंच की कुठल्या सोसायटीच्या कमिटीशी ओळख असेल तर भेट घालून द्या. मला ही सर्वांत योग्य दुरुस्ती वाटते. वर्षाला दोन-अडीच महिने झोपणारा आणि एका बाईच्या हातावर उभा असलेला धंदा गुंतवणूकदाराला विकणं दोघांच्याही हिताचं नव्हतं.

घेतला नाही असा एक चांगला शेरा म्हणजे फोटोचा. माझं मत होतं की तो घ्यावा. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझा फोटो पिशवीवर? पिशवी कचऱ्यात जाते." विषय संपला.

दोघा परीक्षकांनी आपापल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे नंबर दिले. एआयवाले गृहस्थ एआयवरच ठाम होते. खानावळवाल्या बाईंनी कॅलेंडर बारकाईने पाहिलं, पितृपक्षाचं काय धरलंय ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "आई आजारी पडल्या तर त्या रविवारी लिलावात कोण उभं राहणार?"

याला स्लाइड नव्हती. बहिणीने तिथेच सांगितलं की उत्तर तयार नाही. आता ती शुक्रवारी पहाटे आईबरोबर ससून डॉकला जाते आणि तिथून ऑफिस गाठते. कोळंबी आणि बांगडा ती एकटी घेते. सुरमई-पापलेटच्या लिलावात अजून आईच बोलते, आणि खेकड्यांच्या बाबतीत बहीण अजून फसते. बँकेला द्यायच्या कागदात हा धोका पहिल्या पानावर लिहिला आहे. भाऊ तो तिसऱ्या पानावर न्यायला बघतो आहे, वाद चालू आहे.